गोषवारा

रात्री नऊला मी बसते तेव्हा
भामरेची ऊब खुर्चीत असते अजून.
तो डबा उचलतो, जाताजाता सांगतो,
"आत दोन. एक झोपलाय, एक रडतोय.
वायरलेस खरखरतो, पेन चालत नाही."
एवढाच आमचा पदभार.

नोंद क्रमांक, वेळ, गोषवारा, सही.
स्टेशन डायरीला रकाने चारच,
आणि गोषवाऱ्याचा रकाना वीतभर.

नऊ चाळीस. हिलाल आप्पा आले.
होळीपासून दर मंगळवारी येतात.
शेजाऱ्याचा कूलर त्यांच्या भिंतीकडे तोंड करून घुरघुरतो.
दखलपात्र नाही, अदखलपात्रही नाही.
कलम जुन्या पुस्तकात नव्हतं,
नव्यातही घालायचं राहिलंय.
"बठा ना आप्पा."
कूलरची दहा मिनिटं,
सुरतला गेलेल्या पोराची चाळीस.
मग आपणच उठतात, "लिखी ल्या बरं."
मी लिहिते, अर्जदारास समजावून सांगितले.
कोणी कोणाला, ते मावत नाही.

सव्वाअकरा. देवपुरातून फोन, नवरा-बायको.
पोचलो तर गॅसवर खिचडी रटरटतेय,
बाईच्या गालावर पाच बोटं.
"काही नाही झालं."
हे तिचं वाक्य मला तिच्याच शब्दांत लिहायचं असतं,
खाली तिची सही घेऊन.
निघताना कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी,
माझा नंबर टाकला.
म्हटलं, गॅसवाला म्हणून सेव्ह कर.
हे डायरीत नाही.

दोनला दहा कमी. पांझरेच्या पुलावर एक इसम,
कठड्याबाहेर एक पाय.
मे महिना. खाली पाणी घोट्याएवढं, बाकी दगड.
प्रशिक्षणात शिकवलेलं एकही वाक्य आठवेना.
म्हटलं, भाऊ, चहा घेऊ आधी. मला झोप येतेय.
स्टँडसमोर त्याने तीन कप घेतले,
पैसे मी दिले, नाव त्याने दिलं नाही.

सकाळी घरी जायचं होतं.
पण कलेक्टर कचेरीवर मोर्चा,
नवव्या दिवशी येणाऱ्या नळाच्या पाण्याचा.
दोरीच्या पलीकडे पहिल्या रांगेत कुंदन खैरनार.
त्याच्या चारित्र्याची पडताळणी मी केलेली,
"वर्तणूक चांगली" हे अक्षर माझं.
"पोलीस प्रशासन मुर्दाबाद!"
नळ आम्ही सोडत नाही,
पण समोर आम्हीच उभे असतो.
माझ्याही घरी आज आठवा दिवस.
अकराच्या उन्हात त्याचा घसा बसला.
दोरीखालून हात आला,
"ताई, पानी शे का?"
बाटली दिली. प्यायला, मिशी पुसली,
आणि मुर्दाबाद आधीपेक्षा खणखणीत.
खरं सांगू, मला बरं वाटलं.

नेहमी असं होत नाही.
पारोळा रोडला एकदा आदेश आला
आणि हाच हात वर गेला.
माणसं पांगली. रस्त्यावर एक चप्पल राहिली,
डाव्या पायाची, अंगठा नव्याने शिवलेला.
त्या दिवशीचा गोषवारा होता,
सौम्य बळाचा वापर.
सौम्य हा शब्द मी लिहिला नव्हता,
सही मात्र माझी आहे.
घरी पोरगी विचारते, मम्मी, आज चोर पकडला?
अठरा वर्षांत बोटांवर मोजण्याइतके, बाळा.
बाकी वेळ मी लिहीत असते, उभी असते,
कुणाचं तरी ऐकत असते.

पुढच्या मंगळवारी आप्पा आले नाहीत.
दहा वाजले. साडेदहा.
तक्रार नाही, कॉल नाही, कारण लिहायला काही नाही.
होमगार्डला म्हटलं, गाडी काढ.
गल्लीत कूलर घुरघुरत होता.
आप्पा ओट्यावर, गुडघ्याला फडकं बांधून.
"आज पाय चालत नई," म्हणाले,
"बरं व्हयनं तुम्हीच उनात."
आणि सरकून जागा करून दिली.

परत येऊन पेन झटकलं, दोनदा.
बावीस पंचावन्न. पेट्रोलिंग केले.
हद्दीत शांतता,
कूलर वगळता.